बॅशचा प्रॉम्प्ट सोयीचा करून घ्या: रंग, उजव्या कडेची वेळ आणि कर्सरचा हिशेब

टर्मिनलच्या तीन विंडो उघड्या आहेत. एक स्वतःच्या लॅपटॉपची, दोन कॉलेजच्या लॅबमधल्या सर्व्हरच्या, आणि तिन्हींत सारखंच डॉलरचं चिन्ह लुकलुकतंय. अशा वेळी फाइल उडवण्याची कमांड भलत्या विंडोत जायला वेळ लागत नाही. नागपुरातल्या एखाद्या लॅबमध्ये मशिनांना फुटाळा, अंबाझरी, गोरेवाडा अशी तलावांची नावं दिली आहेत असं समजा. आपण सध्या कोणत्या तलावाकाठी बसलोय हे प्रॉम्प्टने, म्हणजे कमांड टाइप करायच्या जागेआधी दिसणाऱ्या खुणेने, न विचारता सांगायला हवं. प्रॉम्प्ट बदलायचा तो मुख्यतः यासाठी. रंग आणि सजावट त्यानंतर.

इथे दिलेलं सगळं बॅश या शेलसाठी आहे. शेल म्हणजे टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला हा शेल १९८९ मध्ये आला आणि उबुंटूसह बहुतेक लिनक्सवर तोच मिळतो. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) किंवा गिट बॅश घेतलंत तरी चालेल. मॅकवर मात्र २०१९ च्या कॅटलिनापासून झेडशेल हा मूळ शेल आहे आणि त्याची चिन्हं वेगळी आहेत. तिथे बॅकस्लॅशऐवजी टक्क्याचं चिन्ह लागतं, त्यामुळे खालच्या ओळी तिथे जशाच्या तशा चालणार नाहीत.

वाचण्याची पद्धत आधी ठरवून घेऊ. या लेखात कमांडही देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत हाताने टाइप करायच्या, इथून कॉपी करायच्या नाहीत. '\यू' दिसलं की बॅकस्लॅश आणि त्याला चिकटून इंग्रजी स्मॉल यू. कॅपिटल अक्षर हवं असेल तिथे तसं सांगितलं आहे. एकेक चिन्ह हाताने टाइप केलं की ते तिथे का आहे तेही ध्यानात राहतं, आणि या विषयात तेच उपयोगी पडतं.

पायरी १: आधी परतीची वाट

प्रॉम्प्ट ज्या फाइलमध्ये कायमचा लिहिला जातो ती होम फोल्डरमधली .बॅशआरसी. नावाच्या सुरुवातीला टिंब असल्यामुळे ती एरवी दिसत नाही. तिची एक प्रत दुसऱ्या नावाने काढून ठेवा. मग त्या फाइलला हातही न लावता, नुसत्या उघड्या विंडोत प्रयोग सुरू करा. विंडोत केलेला बदल ती विंडो बंद केली की नाहीसा होतो, म्हणून शिकताना यापेक्षा सुरक्षित जागा नाही.

पायरी २: साधा प्रॉम्प्ट

प्रॉम्प्टचा मजकूर पीएस१ नावाच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे शेलने किंमत साठवायला ठेवलेल्या नावात, असतो. पी आणि एस दोन्ही कॅपिटल. ही ओळ टाइप करा:

पीएस१='\यू@\एच \डब्ल्यू\$ '

एंटर दाबताच प्रॉम्प्ट बदलेल. \यू म्हणजे युजरचं नाव, \एच म्हणजे मशिनचं नाव, \डब्ल्यू म्हणजे सध्याच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता. डब्ल्यू कॅपिटल केलात तर पत्त्यातला फक्त शेवटचा फोल्डर दिसतो. \$ साध्या युजरला डॉलर दाखवतं आणि रूटला, म्हणजे मशिनवर सगळे अधिकार असलेल्या युजरला, हॅश. रूट म्हणून काम करताना हा फरक डोळ्यांसमोर असायलाच हवा.

नवख्यांचे हात इथे तीन ठिकाणी अडखळतात. एक, बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही. सोडली तर शेल पीएस१ नावाची कमांड शोधतो आणि ती सापडत नाही असं सांगतो. दोन, शेवटच्या सिंगल कोटच्या आधीची मोकळी जागा मुद्दाम आहे. ती नसेल तर तुमची कमांड डॉलरला चिकटून उमटते. तीन, डबल कोट वापरू नका. डबल कोटमध्ये \$ मधला बॅकस्लॅश शेल आधीच खाऊन टाकतो, उरतो नुसता डॉलर, आणि मग रूटलाही डॉलरच दिसत राहतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या ओळीत कधी कधी वळणदार कोट असतात. शेल त्यांना कोट मानतच नाही.

एखादा कोट बंद करायचा राहिला तर पुढच्या ओळीवर > असं चिन्ह येतं. तो दुय्यम प्रॉम्प्ट, पीएस२. शेल उरलेल्या मजकुराची वाट पाहतोय एवढाच त्याचा अर्थ. कंट्रोल-सी दाबा आणि पुन्हा सुरुवात करा.

पायरी ३: रंग

टर्मिनलला रंग बदल, कर्सर हलव, ओळ पूस असं सांगण्याची भाषा जुनी आहे. डेक कंपनीच्या १९७८ सालच्या व्हीटी१०० टर्मिनलने ती रुळवली. त्याच्या पडद्यावर ८० स्तंभ आणि २४ ओळी मावत, आणि आजही बरीच टर्मिनलं याच मापाची उघडतात. त्या भाषेतला प्रत्येक हुकूम एस्केप या अक्षराने सुरू होतो. त्याचा क्रमांक २७, आठच्या पद्धतीत ०३३. पीएस१ मध्ये ते \ई असं लिहायचं. त्यापुढे बहुतेक वेळा उघडा चौकोनी कंस, मग आकडा, आणि शेवटी हुकूम काय आहे ते सांगणारं एक अक्षर.

रंगासाठी ते अक्षर स्मॉल एम. ३१ लाल, ३२ हिरवा, ३३ पिवळा, ३४ निळा, ३६ आकाशी. ० म्हणजे सगळं पूर्ववत. काळ्या पार्श्वभूमीवर ३४ चा निळा धड वाचता येत नाही, तो टाळा. साध्या युजरला हिरवा आणि रूटला लाल ही जोडी उत्तम.

हिरवा डॉलर असा:

पीएस१='\यू@\एच \डब्ल्यू \[\ई[३२एम\]\$\[\ई[०एम\] '

शेवटचा ०एम विसरलात तर तुमची कमांड आणि तिचं उत्तर, सगळंच हिरवं होत जाईल.

या ओळीत \[ आणि \] ही जोडी दोनदा आली आहे. चूक सर्वांत जास्त वेळा हिच्यापाशीच होते, म्हणून इथे जरा थांबू.

शेलला पडदा दिसत नाही

बॅश स्क्रीनकडे बघत नाही. प्रॉम्प्टमध्ये किती अक्षरं होती आणि तुम्ही किती टाइप केलीत हे मोजून कर्सर कुठे असेल याचा तो अंदाज बांधतो. बाणाने मागे गेलात, मधलं अक्षर खोडलंत, जुनी कमांड वर आणलीत, की त्या अंदाजावरूनच तो टर्मिनलला कर्सर हलवायला सांगतो. अंदाज आणि पडदा जुळतात तोवर सगळं ठीक.

आता हिरव्या रंगाचा हुकूम बघा: एस्केप, कंस, ३, २, एम. ही ५ अक्षरं. रंग पूर्ववत करणारा हुकूम ४ अक्षरांचा. एकूण ९ अक्षरं टर्मिनलकडे गेली, पण पडद्यावर त्यांनी एकही घर व्यापलं नाही. शेलला हे कळायला मार्ग नाही. \[ आणि \] नेमकं तेच सांगतात: यांच्यामधलं मोजू नकोस. ही जोडी गाळलीत तर ८० स्तंभांच्या विंडोत शेलच्या मते ओळ ७१ व्या घरापाशीच भरते. मग लांब कमांड पुढच्या ओळीवर जाण्याऐवजी त्याच ओळीच्या सुरुवातीला येते आणि प्रॉम्प्टवरच उमटू लागते.

उलटी चूकही होते. दिसणारा मजकूर, म्हणजे मशिनचं नाव वगैरे, या जोडीच्या आत टाकला तर शेल कमी मोजतो आणि ओळ कडेला पोचली तरी जागा शिल्लक आहे असं धरून चालतो. नियम सोपा आहे: घर व्यापणारं बाहेर, न व्यापणारं आत.

प्रॉम्प्ट बरोबर आहे की नाही हे नुसतं बघून कळत नाही, कारण छोट्या कमांडला तो नेहमी शहाण्यासारखा वागतो. त्यासाठी अशी चाचणी घ्या. ई-सी-एच-ओ ही कमांड लिहा आणि पुढे इंग्रजी लिपीत बर्डी, धरमपेठ, सदर, इतवारी, महाल, मानेवाडा अशी नावं लिहीत जा, दोन ओळी भरून तिसरी सुरू होईपर्यंत. वेगवेगळी नावं घेतली की कुठलं नाव कुठे सरकलं ते लगेच दिसतं. मग कंट्रोल-ए दाबा. कर्सर ई वर, म्हणजे कमांडच्या पहिल्या अक्षरावर गेला पाहिजे. कंट्रोल-ई ने शेवटी. ऑल्ट-बी ने एकेक शब्द मागे, ऑल्ट-एफ ने पुढे. काही टर्मिनलं ऑल्ट-एफ ला फाइल मेनू उघडतात. तिथे एस्केप दाबून सोडा आणि मग एफ दाबा, काम तेच होतं. शेवटी कंट्रोल-सी मारून वरचा बाण दोन-चारदा दाबा. जुन्या लांब कमांडचा तुकडा ओळीत चिकटून राहिला, पुसला गेला नाही, तर हिशेब चुकलाय. पीएस१ मधल्या जोड्या पुन्हा मोजा.

पायरी ४: दोन ओळींचा प्रॉम्प्ट

फोल्डरचा पत्ता लांब असला की कमांडला जागाच उरत नाही. म्हणून माहिती वरच्या ओळीत आणि डॉलर खालच्या ओळीत ठेवावा. मधे \एन घातलं की झालं:

पीएस१='\यू@\एच \डब्ल्यू\एन\[\ई[३२एम\]\$\[\ई[०एम\] '

नवख्यांनी सरळ हाच वापरावा. जागा वाचते, शिवाय आणखी एक मोठा फायदा आहे. कमांड संपादित करताना बॅश प्रॉम्प्टच्या फक्त शेवटच्या ओळीची लांबी धरतो. वरची ओळ एकदा छापून तो मोकळा होतो. त्यामुळे वर काही मोजायचं चुकलं तरी टाइप करताना त्रास होत नाही. आधीच्या कमांडने उत्तराच्या शेवटी नवी ओळ दिली नाही आणि प्रॉम्प्ट ओळीच्या मधूनच सुरू झाला, तरी डॉलर मात्र नव्या ओळीच्या पहिल्या घरात येतो.

पायरी ५: उजव्या कडेला वेळ

इथे कर्सर प्रत्यक्ष हलवायचा आहे. टर्मिनलचा पडदा म्हणजे घरांचा तक्ता. नागपूरच्या झिरो माइलच्या खांबापासून अंतरं मोजावीत तशी ही घरं डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून मोजतात, फक्त इथे सुरुवात शून्यापासून नसून ओळ १, स्तंभ १ पासून आहे. कर्सर हलवायची अक्षरं सगळी कॅपिटल: ए वर, बी खाली, सी उजवीकडे, डी डावीकडे, एच दिलेल्या ओळ-स्तंभावर. कॅपिटल जे आणि कॅपिटल के यांचं काम पुसण्याचं, पडदा आणि ओळ या क्रमाने.

\टी हे चिन्ह तास, मिनिटं, सेकंद दाखवतं, मधल्या दोन कोलनसह ८ घरं. ८० स्तंभांच्या विंडोत ते ७३ व्या घरापासून सुरू व्हायला हवं. पण ७३ हा आकडा लिहून ठेवणं चुकीचं, कारण विंडो लहान-मोठी होते. त्याऐवजी कर्सरला ९९९ घरं उजवीकडे जायला सांगा. टर्मिनल त्याला शेवटच्या घरापाशी अडवतं, पुढच्या ओळीवर ढकलत नाही. मग ७ घरं मागे या. ८० मधून ७ गेले, ७३. विंडो १३२ स्तंभांची असली तरी ही युक्ती तशीच लागू पडते.

क्रम असा: जागा लक्षात ठेव, उजव्या कडेला जा, ७ घरं मागे ये, वेळ छाप, लक्षात ठेवलेल्या जागी परत ये. लक्षात ठेवण्याचा हुकूम एस्केप आणि ७, परतीचा एस्केप आणि ८. या दोन्हींत चौकोनी कंस नसतो.

पीएस१='\[\ई७\ई[९९९सी\ई[७डी\टी\ई८\]\यू@\एच \डब्ल्यू\एन\[\ई[३२एम\]\$\[\ई[०एम\] '

सी आणि डी कॅपिटल, पीएस१ हे नाव सोडून बाकी सगळं स्मॉल. डी स्मॉल राहिला तर तो वेगळाच हुकूम होतो: कर्सर थेट पडद्याच्या ७ व्या ओळीवर उडी मारतो आणि वेळ जुन्या मजकुरावर उमटते. वेळ पडद्यावर दिसत असूनही ती \[ \] च्या आत आहे, कारण छापून झाल्यावर कर्सर होता तिथेच परतला. शेलच्या दृष्टीने काहीच हललं नाही.

जागा लक्षात ठेवणं आणि परत येणं यांच्यामध्ये \एन कधीही घालू नका. टर्मिनल पडद्यावरचं घर लक्षात ठेवतं, मजकूर नाही. मधे पडदा एक ओळ वर सरकला तर परतीचं घर तेच राहतं आणि मजकूर मात्र वर गेलेला असतो. विंडोच्या मधोमध असताना ही चूक दिसत नाही, तळाला पोचल्यावरच दिसते. म्हणून प्रत्येक नवा प्रॉम्प्ट पडदा भरून खाली पोचल्यावरही तपासा.

पत्ता फार लांब झाला तर तो वेळेवरच छापला जाईल. प्रॉम्प्ट_डिरट्रिम (दुसरा भाग डी-आय-आर-टी-आर-आय-एम) या कॅपिटल अक्षरांतल्या व्हेरिएबलला ३ ही किंमत द्या, म्हणजे पत्त्यातले शेवटचे ३ फोल्डर दिसतात आणि आधीच्या भागाच्या जागी तीन टिंबं येतात. बॅशच्या ४ थ्या आवृत्तीपासून ही सोय आहे. मॅकसोबत येणारा बॅश ३.२ आहे, तिथे ती मिळणार नाही.

आणि ही वेळ घड्याळासारखी चालत नाही. प्रॉम्प्ट छापला तेव्हाची ती वेळ. लांबलेलं काम कधी संपलं हे कळायला ती पुरेशी आहे.

पायरी ६: मागची कमांड फसली का?

सिंगल कोटच्या आत सुरुवातीलाच $? घातलं की मागच्या कमांडचा निकाल आकड्यात दिसतो. ० म्हणजे काम झालं. १२७ म्हणजे त्या नावाची कमांडच सापडली नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवता आली नाही, १३० म्हणजे तुम्ही कंट्रोल-सी ने थांबवली. गिटची (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाची) शाखा दाखवणारा तुकडा पुढे कधी जोडलात तर तो $? च्या नंतर ठेवा. आधी ठेवला तर त्या तुकड्याचाच निकाल दिसेल. असे तुकडे दर प्रॉम्प्टला एक प्रोग्रॅम चालवतात, त्यामुळे नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये एंटर दाबल्यावर प्रॉम्प्ट रेंगाळू लागतो. सुरुवातीला तो मोह नको.

पायरी ७: प्रॉम्प्टमध्ये मराठी

मशिनचं नाव इंग्रजीत असतं, पण शेजारी 'नागपूर' असं देवनागरीत लिहायला कुणाची आडकाठी नाही. पीएस१ मध्ये ते सरळ लिहा, पण हिशेब समजून घेऊन. 'नागपूर' हा शब्द युनिकोडमध्ये ६ चिन्हांचा आहे: न, काना, ग, प, दीर्घ उकार, र. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे ही चिन्हं साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे झाले १८ बाइट. लिनक्सवरच्या शेलच्या नेहमीच्या मोजणीत उकार प च्या खाली बसतो, त्याला स्वतःचं घर नाही. कान्याला मात्र एक घर मिळतं. म्हणून घरं ५. सगळी टर्मिनलं हाच हिशेब पाळतील असं नाही, आणि जोडाक्षरं आली की फरक वाढतो.

शेलला यूटीएफ-८ माहीतच नसेल तर तो बाइट मोजतो, ५ च्या जागी १८, आणि कर्सर १३ घरं भरकटतो. दुसऱ्या सर्व्हरवर एसएसएचने लॉगिन केल्यावर हे होऊ शकतं, कारण तिथे भाषेची मांडणी बसवलेली असेलच असं नाही. एल-ओ-सी-ए-एल-ई ही कमांड चालवा. उत्तरात नुसता कॅपिटल सी किंवा पॉझिक्स दिसलं तर कारण तेच.

यावरचा पक्का उपाय पायरी ४ मध्येच आहे. मराठी शब्द वरच्या ओळीत ठेवा, \एन च्या आधी. तिथली मोजणी कमांडच्या ओळीपर्यंत पोचत नाही. खालच्या ओळीत फक्त डॉलर आणि मोकळी जागा.

पायरी ८: कायम करणं, आणि बिघडलं तर सुटका

मनासारखा प्रॉम्प्ट जमला, चाचणीत पास झाला, की ती ओळ .बॅशआरसी च्या अगदी शेवटी लिहा. उबुंटूच्या या फाइलमध्ये पीएस१ आधीच ठरवलेला असतो. तुमची ओळ त्याच्या वर राहिली तर खालची जुनी ओळ जिंकते आणि काहीच बदललं नाही असं वाटतं. फाइल सेव्ह केल्यावर लगेच आहे ती विंडो बंद करू नका. आधी दुसरी नवी विंडो उघडून बघा. तिथे गडबड दिसली तर पहिल्या विंडोतून फाइल दुरुस्त करता येते.

पडद्यावर भलतीच चिन्हं उमटू लागली, टाइप केलेलं दिसेनासं झालं, तर बहुधा प्रॉम्प्टचा दोष नसतो. एखादी बायनरी, म्हणजे वाचण्याजोगा मजकूर नसलेली, फाइल पडद्यावर ओतली गेलेली असते आणि तिच्यातल्या बाइटनी टर्मिनलला भलतेच हुकूम दिलेले असतात. न दिसताही आर-ई-एस-ई-टी टाइप करून एंटर दाबा. एंटर लागू पडत नसेल तर त्याच्या जागी कंट्रोल-जे. विंडो गोठली, काहीच उमटत नाही, असं असेल तर चुकून कंट्रोल-एस दाबलं गेलेलं असतं. कंट्रोल-क्यू ने ती सुटते.

.बॅशआरसी इतकी बिघडली की नवी विंडो धड उघडतच नाही, तर बॅश --नोआरसी असा शेल सुरू करा. अक्षरं सगळी स्मॉल, पुढच्या दोन आडव्या रेघा चिकटून. हा शेल ती फाइल वाचतच नाही, साधा प्रॉम्प्ट घेऊन उभा राहतो. त्यातून पहिल्या पायरीत काढलेली प्रत मूळ नावावर परत ठेवा आणि नवी विंडो उघडा.